आंधळगावची फुगलेली पाकिटं

९ सप्टेंबर, मंगळवार

म्हणजे तुम्ही तेव्हा जे म्हणत होत्या ना प्रतिक्षाताई, की आंबट झालं की नाही हे नाकानं नाही, पीएचच्या कागदी पट्टीनं पाहायचं, आणि मी सगळ्या बायांसमोर हसली होती, ते आत्ता राहू द्या. त्याच्यावर नंतर भांडू. मला फक्त एक सांगा. व्हॅक्यूम केलेलं पाकीट फुगलं तर ते नेहमी वाईटच असते का? की कधीकधी नुसता गॅस असते?

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे, म्हणून मेल. इंग्लिश मीडियममध्ये शिकली, मराठी टाईप करायचं म्हणजे एका पानाला दोन तास. तर मी बोलून राहिली आणि फोन लिहून राहिला. मम्मीला वाटते मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे.

झालं असं, की या वर्षी आपण वास्ते पाकिटात टाकले. तुमचा विरोध होता, माहीत आहे. तुम्ही पुण्याच्या नोकरीवर गेल्या, प्रकल्पातली तुमची खुर्ची मला मिळाली, आणि मी पहिलं काम तेच केलं. बांबूचे कोवळे कोंब, बारीक चिरलेले, आंबवलेले, मिठाच्या पाण्यात, वरून चकाचक लेबल. आंधळगावच्या सात बाया, एकशेचाळीस पाकिटं, पहिली बॅच. ताई, नागपूरच्या प्रदर्शनात लोक फोटो काढत होते. एक बाई म्हणाली, माझ्या आजीच्या चुलीजवळचा वास आला. चंद्रकुमार सरांनी स्टेजवरून माझं नाव घेतलं. तेच आपले साहेब, जे तुमचं नाव नेहमी चुकीचं घ्यायचे. मुंबईच्या एका दुकानानं पुढच्या महिन्यासाठी पाचशे पाकिटं मागितली. भंडाऱ्याची काही वस्तू मुंबईच्या शेल्फवर जाणार, आणि ती तांदूळ नाही. कळून राहिलं ना किती मोठं आहे हे?

आज आंधळगावच्या शेडमध्ये गेली तर सहा पाकिटं उशीसारखी झाली होती. फक्त सहा. उकाडा पण खूप आहे. त्यानंच असेल ना?

काळजीचं काही नाही. तुम्ही फक्त उत्तर द्या.

१० सप्टेंबर, बुधवार

पोचलं तुमचं उत्तर. ना हॅलो, ना कशी आहेस. "उघडू नको. चाखू नको. विकलेलं सगळं परत मागव. कोणी खाल्लं असेल तर आजच डॉक्टर. पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, घास न उतरणं, आवाज बदलणं. हे विष दिसत नाही, वासही येत नाही. आठ-दहा दिवस लक्ष ठेव." मी बाथरूममध्ये कडी लावून चार वेळा वाचलं.

खाल्लं आहे ताई. आपल्या गटातल्या मनकर्णामावशींनी. काल संध्याकाळी.

त्यांची रीत तुम्हाला माहीत आहे. वास्त्याचं मडकं पहिल्यांदा उघडलं की ज्याच्या हातानं केलं त्यानं एकट्यानं खायचं, बाकीच्या घरानं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत थांबायचं. ज्याचा हात, त्याचं तोंड पहिले. त्यांच्या सासूनं तसं केलं, त्या पण लग्न झाल्यापासून तसंच करत आल्या. हे मीच बंद केलं होतं. शेडच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं पोस्टर लावलं: काम करताना काहीही चाखू नये. टोपी, हातमोजे, तोंडाला मास्क. मावशींनी तेव्हा विचारलं होतं, "चाखाचं नाही तं समजन कसं वं?" मी म्हटलं, आता मशीन सांगते मावशी. आपल्याकडे तसं मशीन नाही, हे मी म्हटलं नाही.

काल बायांना फुगलेली पाकिटं दाखवली, तर मावशींना वाटलं मी त्यांच्या हातावर शंका घेऊन राहिली. मला फोन आला म्हणून मी बाहेर गेली. परत आली तोवर त्यांनी एक पाकीट कापून, वाटीत काढून खाऊन टाकलं होतं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "खाल्लं. आता उद्या याच वेळेपर्यंत पाहा. मले काही झालं तं फेका, नाही झालं तं विका."

आज सकाळी स्कूटी घेऊन गेली आणि शुगरची तपासणी आहे सांगून त्यांना गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरला बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्यानं डोळ्यात टॉर्च मारला, जीभ पाहिली, पाणी प्यायला लावलं. आत्ता काही नाही म्हणाला, पण रोज आणा, आणि थोडंही काही बदललं तर माझ्याकडे येऊ नका, सरळ भंडाऱ्याला न्या. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "शुगर आता डोयात पाहतेत का?"

मी हसली. 

११ सप्टेंबर, गुरुवार

आज दिवसभर त्यांच्या घरासमोरच्या सपरीत खाटेवर बसून होती. सर्वे आहे सांगितलं. हातात फॉर्म, त्यावर काही नाही.

"काहून वं पोरी, माह्या तोंडावर काय लिहिलं आहे?"

"काही नाही मावशी. बरं, ही बोटं किती?"

"दोन. तुले मोजता येत नाही का? एवढी फी भरली तुह्या बापानं."

त्यांची सून सरिता, तीही आपल्याच गटात आहे, ती चुलीपाशी बसून हसून राहिली होती. मी वाटेतल्या शहापूरवरून बिस्किटं नेली होती. मावशींना दिली आणि पाहत बसली, घास उतरते की नाही. त्या म्हणाल्या, "उतरते. पण तू अशी पाहून राहिली तं तेबी उतरणार नाही."

मग मला दिसलं की त्यांची डावी पापणी खाली आहे. थोडीशी. उजवीपेक्षा थोडीशी. ताई, मी आठ महिने या बाईच्या बाजूला बसून काम केलं, आणि मला आठवेना की ती पापणी आधीपासून तशी आहे का. मी कधी पाहिलंच नाही. त्यांचे हात पाहिले, चिरण्याची स्पीड पाहिली, किलो पाहिले. डोळे नाही पाहिले.

मी पिशवीतून आपलं एक रिकामं पाकीट काढलं. लेबलवर त्यांचाच चेहरा आहे ना, मोठा, कानापासून कानापर्यंत. तो त्यांच्या डोक्याच्या बाजूला धरून पाहिला. पण तो फोटो मीच भर उन्हात काढलेला, दोन्ही डोळे बारीक. काही समजलं नाही.

सरिताला बाहेर बोलावलं. "मावशींचा डावा डोळा असाच आहे का?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवापासून असाच आहे."

"पक्कं?"

"मी सून आहो बाई, डॉक्टर नाही."

दुपारी मावशी नळावर गेल्या आणि परत आल्या तर आवाज बसलेला. एकदम घोगरा. स्कूटीची किल्ली सापडेना, पिशवी पूर्ण जमिनीवर ओतली. सरिता म्हणाली, काय झालं? मी म्हटलं आवाज, आवाज गेला त्यांचा. ती म्हणाली, जाईनच ना, पाण्याच्या नंबरावरून अर्धा तास भांडून आली.

तरी नेलं मी डॉक्टरकडे. त्यानं परत टॉर्च मारला. काही नाही.

सरिताला आज सगळं सांगून टाकलं, काय पाहायचं ते. तिचं हसणं बंद झालं. आता ती पण पाहते. मावशी विचारतात, घरात कोणाचं लगन जुळून राहिलं का, साऱ्याजणी मलेच पाहून राहिल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तुम्ही विचारलं, किती दिवस आंबवलं, मीठ किती, आणि पट्टी काय दाखवत होती. एवढीच ओळ. तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे.

सांगते. पाकिटं सहा नव्हती. तेवीस होती, आणि आज एकतीस आहेत. तुम्ही सहा दिवस सांगितले होते, मी दोन दिवस आंबवले. शहरातल्या लोकांना वास जास्त होते म्हणून. मीठ अर्धं केलं, लेबलवर 'कमी मीठ' चांगलं दिसते म्हणून. आंबटपणा आणि मीठ दोन्ही कमी पडलं की बंद पाकिटात विष तयार होऊ शकते, हे तुम्हीच शिकवलं होतं. पट्ट्या तर पहिल्याच आठवड्यात संपल्या. मागवल्या नाहीत, कारण कोणत्या मागवायच्या हे तुम्हाला विचारावं लागलं असतं. आणि मी साहेबांसमोर म्हटलं होतं ना, की प्रतिक्षाताई घाबरट आहेत, त्यांच्या टेस्टिंगमुळे ग्रोथ थांबते. तुमचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपलं. तुम्ही मला ब्लॉक केलं ते बरोबर केलं.

मावशींनी तर सांगितलंही होतं. मडक्याजवळ नाक नेऊन म्हणाल्या, "हे कच्चं आहे पोरी. हा अजून बांबूच आहे, वास्ते नाही झाले." मी म्हटलं, कस्टमरला असंच पाहिजे मावशी. त्यांना कस्टमर म्हणजे काय हे माहीत होतं, म्हणून पाकिटं भरायला बसल्या.

अजून एक आहे.

मला काही फोन आला नव्हता. मी बाहेर गेली नव्हती. मी त्यांच्या समोर उभी होती, दोन हातांवर. त्यांनी कात्री घेतली ते पाहिलं. वाटी घेतली ते पाहिलं. नको म्हणायला किती वेळ लागते? पण तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, की यांना काही झालं नाही तर मला कोणालाच काही सांगावं लागणार नाही. ना साहेबांना, ना मुंबईच्या दुकानाला, ना तुम्हाला. हे डोक्यात येऊन जाईपर्यंत त्यांचा पहिला घास तोंडात होता. मग मी दुसरा पण पाहिला.

हे मी बोलून राहिली आणि फोन शांतपणे लिहून राहिला.

तर मग काल संध्याकाळपासून फोन करायला बसली. नव्वद पाकिटं शेडमध्येच होती. एक मावशींनी खाल्लं, एकोणनव्वद मी कुलपात टाकली, त्यातली दोन नागपूरच्या लॅबला पाठवली. रिपोर्टला दहा दिवस. एक्केचाळीस कुरिअरनं गेली होती, त्या सगळ्यांचे नंबर होते. सगळ्यांना लागला फोन. चौघांनी खाल्लं होतं, त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं, काही बदललं तर काय करायचं ते सांगितलं. बाकीच्यांनी फेकलं. अमरावतीचे एक काका म्हणाले, बेटा मी फेकतो, पण तू आधी पाणी पी.

राहिली नऊ. ती प्रदर्शनात हातोहात गेली. ना नाव, ना नंबर. कोणाच्या तरी फ्रीजवर, कोणाच्या तरी डब्यांच्या मागे आहेत. मी डोळे मिटले की ती फुगून राहिलेली दिसतात.

१४ सप्टेंबर, रविवार

काल सकाळी गटाची मीटिंग घेतली. मावशी नवीन लुगडं नेसून आल्या होत्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी जिती आहो. चौथा दिवस आहे. संपली गोष्ट." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. त्यांच्यासाठी ते खरंच संपलं होतं.

मी म्हटलं, मावशी, तुमच्या पाकिटात नसेल, दुसऱ्यात असू शकते.

"एकाच मडक्यातले होते ना?"

"पाकीट बंद झालं की प्रत्येकाचं मडकं वेगळं होते."

"मंग माह्या खाण्याले काही किंमत नाही?"

मी दुसरंच सांगितलं. जे तुम्हाला शुक्रवारी सांगितलं, ते सगळं, आंबवण्याचे दिवस, मीठ, पट्ट्या, आणि मी समोर उभी राहून थांबवलं नाही ते. उषाबाई म्हणाल्या, "म्हणजे तू पाहत होती?" मग मावशीच म्हणाल्या, "मले माहीत आहे ती समोर होती. मले वाटलं पोरीले रीत समजली. म्हणून नाही थांबवलं."

ताई, त्यांना वाटलं मी मान ठेवून राहिली होती.

मग नऊ पाकिटांचं काढलं. फेसबुकवर, सगळ्या ग्रुपवर टाकावं लागेल म्हटलं, आणि पाकिटाचा फोटो लावावा लागेल. ब्रँडचं नाव कोणाला आठवत नाही. लोकांना लेबलवरचा चेहरा आठवते. तेव्हा पहिल्यांदा मावशी घाबरल्या. विष खाताना घाबरल्या नाहीत, आता घाबरल्या. "माह्या तोंडावर लिहितेस का, खाऊ नका म्हणून? माहेरचे पाहतीन. लेक सासरी आहे, तिची सासू पाहीन. रिपोर्ट तं येऊ दे."

चंद्रकुमार सर पण फोनवर तेच म्हणाले. रिपोर्ट येऊ दे, गाजावाजा करू नको, पूर्ण जिल्ह्याच्या मालाकडे बोट दाखवतील. "गुंजन, वाढायला पाच वर्षं लागतात आणि बुडायला एक पोस्ट." मी त्यांना म्हटलं, सर, नऊ घरं आहेत. ते म्हणाले, मी तुला काही सांगितलं नाही असं समज.

आज सकाळी मी पोस्ट बनवली. आधी मावशींच्या चेहऱ्यावर काळी पट्टी लावली. तर त्या पेपरमधल्या चोरासारख्या दिसायला लागल्या. मग पूर्ण चेहरा झाकला. तर ते कोणतंही पाकीट दिसत होतं, लोणच्याचं, पापडाचं, कशाचंही. मी पप्पांना दाखवलं, काही न सांगता विचारलं, हे ओळखता का? पप्पांच्या हातात मीच दहा वेळा ते पाकीट दिलं आहे. ते म्हणाले, हे काय आहे? चेहरा उघडा केला, तर म्हणाले, अरे, ही तुझी वास्तेवाली मावशी.

दहा वाजता टाकली. चेहरा उघडा. खाली लाल अक्षरात: हे पाकीट तुमच्याकडे असेल तर उघडू नका, खाऊ नका. चूक बनवणाऱ्या बायांची नाही, माझी आहे. माझं नाव, माझा नंबर. पण ताई, मोबाईलवर फोटोच दिसते. खालचं कोण वाचते.

संध्याकाळपर्यंत तीन फोन आले, पाच पाकिटं सापडली. नागपूरच्या एका बाईकडे दोन होती. म्हणाली, "टम्म झालं होतं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं. परवा आमच्याकडे पितर आहे. सासूबाईंना वास्ते आवडायचे, पानावर वाढणार होती. बारा लोक आहेत जेवायला." मी तिला म्हटलं, बाई, प्लीज फेका, खोल गड्ड्यात फेका. ती घाबरली. मला तिचं घाबरणं ऐकून बरं वाटलं.

चार अजून राहिली आहेत.

मुंबईच्या दुकानानं ऑर्डर रद्द केली. बाया एक-एक करून ग्रुपमधून निघाल्या, उषाबाई पहिले, सरिता शेवटी. सरिता तरी मावशींना रोज डॉक्टरकडे नेते, तेवढं तिनं कबूल केलं आहे. दुपारी मी त्यांच्या घरी गेली तर ती दारात उभी राहिली, आत ये म्हटलं नाही. आतून मावशींचा आवाज आला, "तिले सांग, डोये पाहाचे असन तं फोटो आहे तिच्यापाशी."

आवाज बसलेला नव्हता. स्वच्छ होता, एकदम ठणठणीत. मी तिथं दारात उभी राहून आधी तेच ऐकलं, आणि त्या काय म्हणाल्या ते नंतर समजलं.

तुम्ही सांगितलेल्या दहा दिवसांतले अजून पाच बाकी आहेत. रोज संध्याकाळी मी नळाच्या पलीकडे स्कूटी लावून उभी राहणार आहे, त्या पाण्याला येतात तेव्हा. तिथून पापणी दिसत नाही, पण चालणं दिसते.

चेहरा झाकला असता तर ती पाच पाकिटं सापडली नसती, असं मी स्वतःला सांगून राहिली. पण सरिताचा मेसेज आला आहे, मावशींच्या लेकीनं सासरहून फोन केला होता आणि त्यानंतर त्या जेवल्या नाहीत. आता घास उतरत नाही तो कशानं, हे मला कोणता डॉक्टर सांगेल? मी चेहरा झाकला नाही. ताई, माझ्या जागी तुम्ही असत्या तर झाकला असता का?

गुंजन